लेआउटमधलं माझं घर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगत असताना मध्ये हसलात की माझं सूत्र तुटतं. आणि तो चहाही आधी संपवा. हा किस्सा ऐकताना माझ्या साडूच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचा दोष त्याच्या बायकोने मलाच दिला.

तसे माझे मूर्खपणे पुष्कळ आहेत. पण ते घरातल्या घरात झाले. ह्या एकात मात्र मी अख्ख्या वाडीला सोबत घेऊन गेलो.

मी पार्से गावचा. पेडण्याच्या बाजारात पायलट. विमानाचा नव्हे हो, मोटरसायकलचा. आमच्या गोव्यात मागे माणूस बसवून भाड्याने सोडणाऱ्याला पायलटच म्हणतात. आता मागे बसलेलं माणूस तोंड मिटून थोडंच बसतं? कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या विहिरीचं पाणी आटलं, सगळं माझ्या कानापर्यंत येतं. लोक मला चोंबडा म्हणतात. मी म्हणतो, माणसाची काळजी वाटते म्हणून माणूस विचारतो. नाहीतर मला काय करायचंय?

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या, म्हणजे मी का घाबरलो ते कळेल. आमचं घर माझ्या आजोबांनी बांधलं, पण खालची जमीन भाटकाराची. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक, आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारे आम्ही मुंडकार. पोर्तुगीज होते तेव्हा भाटकाराची मर्जी फिरली की मुंडकाराने गाठोडं बांधायचं. मुक्तीनंतर कायदा आला, मुंडकाराला उठवता येत नाही. पण कायदा वेगळा आणि कागद वेगळा. मामलेदाराकडे आमची केस वडिलांच्या वेळेपासून पडून आहे, घर अजून आमच्या नावावर लागलेलं नाही. म्हणून भाटकाराकडे भांडं पडलं तरी आमच्या घरात सगळे उठून बसतात.

त्यात विमानतळाचं काम सुरू झालं आणि पेडण्याच्या जमिनीला ताप चढला. जिथे काजूच्या सावलीत गुरं बसायची तिथे दिल्लीची माणसं गॉगल लावून उभी राहू लागली. चहाच्या दुकानात, बसमध्ये, तेराव्याच्या जेवणात, एकच शब्द ऐकू यायचा. लेआउट. अमक्याने डोंगराचा लेआउट केला, तमक्याने शेताचा. लेआउट म्हणजे डोंगर सपाट, त्यावर आखणी, मग प्लॉट, मग गेट, मग गेटवर वॉचमन, आणि तो वॉचमन आपल्यालाच विचारणार, “किधर जाना है?” एवढं इंग्रजी मला येतं. सातवीपर्यंत शिकलोय मी.

भाटकाराचं घर आमच्या घराला लागूनच, मध्ये फक्त कुडांची वंय, म्हणजे काठ्यांचं कुंपण. म्हातारे भाटकार वारल्यावर ते घर बंद होतं. मग त्यांचे पुतणे विनायकबाब मुंबईतली नोकरी संपवून राहायला आले. एकटा माणूस, अंगाने बारीक, चष्मा कायम कपाळावर. स्वभाव इतका गोड की मला पहिल्याच दिवशी संशय आला.

एका सकाळी बघतो तर विनायकबाब माझ्या अंगणात, हातात टेप.

“बाब, कितें मापतात?”

“तुमचं घर.”

“कित्याक?”

“लागणार आहे मला. जरा हे टोक धरा पाहू.”

आणि मी धरलं. आपल्याच घराचं माप काढायला टेपचं टोक धरून उभा राहिलेला मुंडकार गोव्यात दुसरा सापडणार नाही. ते लांबी घेत होते, उंची घेत होते, मी “बाब, हंय जरा पडवी आसा, ती रवली” म्हणून आठवण करून देत होतो.

मग त्यांनी खिडक्या मोजल्या, कौलांचे फोटो काढले आणि वंय ओलांडून जानकीमावशीकडे गेले. जानकीमावशी म्हणजे आमच्या पलीकडची मुंडकारीण, वयाने सगळ्यांत मोठी, तोंडाने त्याहून मोठी. तिचंही घर मोजलं.

“पण बाब, सांगा तरी,” मी म्हटलं.

“आत्ता नाही. चवथीला, गणपतीत, सगळ्यांना बोलावून दाखवणार. बघतच राहाल.”

आता मला सांगा, भाटकार हसत हसत “बघतच राहाल” म्हणाला, तर मुंडकाराने काय समजायचं?

मी लक्ष ठेवू लागलो. काळजीपोटी. टेंपोतून प्लायवूडचे तक्ते आले. थर्माकोल आला. मग सॉ मिलमधून लाकडाच्या भुशाची पोती आली. माणूस भुसा कशाला आणतो? चूल तर ते पेटवत नाहीत, गॅस आहे. मग माझ्या बायकोकडे, सुमतीकडे, सुकलेली घोसाळी मागितली. तिने सगळी देऊन टाकली. म्हणाली, “बाब आंग घासतले आसतीत.” टोपलीभर घोसाळी घेऊन अंग घासणारा माणूस तुम्ही पाहिलाय?

पण खरी भीती मला मातीने घातली. बाब पिशवी घेऊन डोंगरावर जायचे आणि लाल माती भरून आणायचे. पायवाटेची वेगळी, चिरेखाणीची वेगळी. मग सोप्यावर बसून ती चहाच्या गाळणीतून चाळायचे आणि बोटांत घेऊन उजेडात बघायचे. माती कोण तपासतो? ज्याला बिल्डिंग बांधायची आहे तो.

आणि मग ती दुपार आली. माझी कोंबडी वंयीखालून बाबांच्या खिडकीकडे गेली होती, म्हणून मी तिच्या मागे गेलो. सुमती म्हणते, कोंबडी डालग्यात होती. असो. खिडकीत बाब फोनवर मुंबईच्या कोणा मित्राशी बोलत होते.

“अरे, लेआउट होत आलाय! डोंगर काल कापला. हो, दोन तासांत. देऊळ मात्र बसत नव्हतं, ते थोडं खाली सरकवलं. पिंपळ उपटला आणि दुसरीकडे लावला.”

मी भिंतीला कान लावला.

“छे छे, मुंडकारांची घरं ठेवलीत सगळी. एक सोडून. शेजारचं रे, त्या पायलटचं. ते लाईनीत येतंय. उचलावंच लागणार... नाही, माप सगळ्यांना एकच. सत्याऐंशीला एक.”

मी पळत घरी आलो. आधी डोंगराकडे पाहिलं. डोंगर होता तिथेच होता. म्हटलं, मागच्या बाजूने कापला असेल. मग देवळाकडे गेलो. देऊळही जागेवर दिसलं, पण खरं सांगतो, पायऱ्या मला जरा खाली वाटल्या. पिंपळ होता, पण पानं मलूल. उपटून परत लावल्यावर झाडाचं असंच होतं.

सुमतीला सगळं सांगितलं. ती मासे साफ करत होती.

“डोंगर दोन तासांत कापलो?” ती म्हणाली. “मेल्या, तुका आंगण झाडूक दोन दीस लागतत.”

“मशीन आणला आसतला.”

“माका आवाज कसो नाय येवक?”

“गो, आजकालची मशिनां आवाज नाय करत.”

“आनी सत्याऐंशीक एक म्हणजे कितें?”

ह्याचा विचार मी वाटेतच केला होता. “सत्याऐंशी मीटर जमीन घेतली की एक मीटर परत. तोच मोबदलो.”

सुमतीने सुरी खाली ठेवली. उठली, अंगणात गेली आणि घराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आमका फक्त चुलीपुरती जागा रवतली.” माझा सगळा फुगा तिने फोडला असता, पण गणितापुढे तिचंही काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मोटरसायकलवर जो बसेल त्याला मी सांगू लागलो. फार नाही, फक्त जेवढं ऐकलं तेवढंच. बरं, हॉटेल येणार असेल असा एक अंदाज घातला. पोलीस स्टेशनकडे उतरलेल्या एका सरांना सांगितलं, मासळीवाल्या बाईला सांगितलं, एक मनुष्य तर नुसता रस्ता विचारायला थांबला होता, त्यालाही सांगितलं.

संध्याकाळी एक बाई मागे बसली. मला ओळखत नव्हती. म्हणाली, “आयकलात? पार्सेत सात मजली हॉटेल येता. वयर पोहूचा तळा. थंयसरल्या एका पायलटाचा घर पाडतले, गरिबाचा.”

“कोणी सांगितला तुमका?”

“सगळेच सांगतत.”

आता सगळेच सांगतात म्हटल्यावर माझी खात्री पटली. खरं सांगू, तोपर्यंत मला थोडी शंका होती.

मी थेट पंच बाबलाच्या घरी. बाबल आमच्या वाडीचा पंच, पंचायतीत निवडून आल्यापासून त्याला कोणी मोर्चाला बोलावलं नव्हतं. तो ताबडतोब शर्ट बदलून आला. रविवारी सकाळी सगळे मुंडकार देवळाकडे जमले. जानकीमावशी सगळ्यांच्या पुढे, हातात कोयता. नारळ सोलायचा होता म्हणे. बाबलाने सगळ्यांकडून देवासमोर वदवून घेतलं की कोणाचंही घर एक तसू हलू द्यायचं नाही. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. घर माझं होतं ना.

विनायकबाबांनी दार उघडलं. हातांना पांढरं प्लास्टर, गालाला हिरवा रंग. समोर एवढी माणसं बघून त्यांचा चेहरा फुलला.

“अरे वा. सगळेच आलात? कोणी सांगितलं तुम्हाला?”

“अख्ख्या तालुक्याक कळला,” बाबल म्हणाला.

“चवथीपर्यंत थांबणार होतो मी. पण आता आलाच आहात तर लपवून काय उपयोग.”

बघा, माणूस कबूलच झाला. मी बाबलाला कोपराने ढोसलं.

“म्हणजे लेआउट केलात तो खरो?”

“केला म्हणजे, होत आलाय. महिनोन्‌महिने खपतोय त्याच्यावर.”

जानकीमावशी पुढे झाली. “आनी माझ्या घराचा कितें?”

“तुमचं तर कालच बसवलं, मावशी. फक्त कौलं नीट लावायची राहिलीत. आज काढून परत लावतो, जरा वाकडी गेलीत.”

“माझी कौलां काढतलंस? गेल्या वर्साक घातलंय मी ती.”

“जुनी करायचीत हो. नवी फार चकचकीत दिसतात. थोडी काजळी लावतो.”

मावशीने आमच्याकडे पाहिलं. बाबलही गोंधळला. तो पंचायतीत शिकलेले प्रश्न विचारू लागला.

“लायसन घेतलात?”

“ह्याला लायसन लागतं?”

“कन्व्हर्जन?” शेतजमिनीवर बांधायला ते लागतं.

“हो तर, जुन्या ट्रान्सफॉर्मरवर चालवतो मी सगळं, त्याला करावं लागलं थोडं कन्व्हर्जन.”

मी म्हटलं, मीच विचारतो. छाती पुढे काढली.

“बाब, माझा घर उचलूचा आसा ही गोष्ट खरी?”

विनायकबाब एकदम ओशाळले. “तुम्हाला तेही कळलं? मला सांगायला कसंतरीच वाटत होतं. खूप प्रयत्न केला, पण ते लाईनीत येतंच. सकाळीच उचललं.”

मी वळून वंयीपलीकडे पाहिलं. माझं घर उभं होतं. सुमती माझ्या शेजारी होती, तिनेही पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कितें उचललात?” सुमतीने विचारलं. “घर थंय आसा.”

“ते नव्हे हो, वहिनी. आत या. सगळे या. पण टेबलाला हात लावू नका, गोंद ओला आहे.”

आम्ही आत गेलो. कोयत्यासकट.

भाटकाराच्या घरची मोठी साल, म्हणजे बैठकीची खोली. जिथे पूर्वी आमचे आजोबा हात बांधून दाराकडे उभे राहायचे, तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत एक मेज होतं, आणि त्या मेजावर पार्से गाव होतं.

डोंगर होता. थर्माकोलचा, वर प्लास्टर आणि त्यावर आमचीच लाल माती. एका बाजूने कापून त्यातून बोगदा काढला होता. डोंगरावर काजूची झाडं होती. जवळून बघितलं तर सुमतीची घोसाळी, त्यांच्या जाळीवर हिरवा भुसा चिकटवलेला. शेतं होती, देऊळ होतं, देवळाशेजारी पिंपळ, आणि ह्या सगळ्यातून रेल्वेचे रूळ वळण घेत गेले होते. एका टोकाला वीतभर स्टेशन, त्यावर पाटीसुद्धा. पेडणे.

मग जानकीमावशीने हळूच कोयता दारामागे ठेवला आणि वाकली.

“ही माझी न्हाणी,” ती म्हणाली. “देवा, न्हाणीचो फुटको चिरोय केला मरे हेणे.”

मग काय विचारता. जो तो आपलं घर शोधू लागला. “आमची बावडी बघ.” “आमचो गोठो खंय?” पंच बाबल तर स्वतःच्या दारातली स्कूटर बघून लहान मूल झाला. लायसन राहिलं बाजूला, “बाब, हिका आरसो लायात मां,” म्हणून मागे लागला.

विनायकबाब समजावत होते. लहानपणी सुट्टीत ते गावी यायचे, तेव्हा इथे रेल्वे नव्हती. पुढे रेल्वे आली ती गावापासून लांबून गेली. मुंबईत बसून ते मनातल्या मनात गाडी वाडीतूनच नेत राहिले. आता टेबलावर त्यांनी ती नेली. अशा मांडणीला त्यांच्यात लेआउट म्हणतात, आणि खऱ्या सत्याऐंशी फुटांचा इथे एक फूट होतो. सत्याऐंशीला एक.

सुमतीने माझ्याकडे पाहिलं. मी छताचे वासे बघू लागलो.

मग बाबलाने, जरा खाकरत, आम्ही कशाला आलो होतो ते सांगितलं. विनायकबाबांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला.

“मी तुम्हाला उठवणार?” ते म्हणाले. “अहो, उठवायचं असतं तर तुमच्या खिडक्यांचे गज मोजत बसलो असतो का?”

एवढंच बोलले, पण मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

बाबल मात्र राजकारणातला माणूस. “मगे बाब, मामलेदाराकडे येवन हीच गोष्ट सांगशात? घरां ह्यांची म्हणून?”

“त्यात काय, येतो की. काकांनी ते आधीच करायला हवं होतं. उद्याच जाऊ.”

इतकी वर्षं अडकलेलं काम एका वाक्यात मोकळं झालं. जानकीमावशी पदराने डोळे टिपू लागली. मी हळूच सुमतीला म्हटलं, “बघ, मी आवाज उठयलंय म्हणून झाला.” आता तिथेच थांबून, नमस्कार करून घरी यायचं की नाही? पण नाही. माझ्या डोक्यात एकच किडा. मेजावर सगळ्यांची घरं होती, माझ्या घराच्या जागी मात्र नुसता गोंदाचा डाग.

“पण बाब, माझा घर कित्याक उचललात?”

“राहू दे ना आता.”

“नाय, नाय. सांगा.”

ते नाइलाजाने खिडकीकडे गेले आणि बशीत ठेवलेलं माझं घर घेऊन आले. काय सांगू, हुबेहूब. पडवी मीच आठवण करून दिलेली, तीसुद्धा होती. त्यांनी ते डागावर ठेवलं आणि बटण दाबलं. बोगद्यातून इंजिन आलं, मागे निळे डबे. पूल ओलांडला, जानकीमावशीची न्हाणी मागे टाकली, माझ्या घराशी आलं आणि टक्. इंजिन रुळांवरून उतरलं, डबे आडवे.

“बघितलंत? दर वेळी इथेच.”

“घर आड येता?” बाबलाने विचारलं.

“घर नाही येत. घर बरोबर मापात आहे.” विनायकबाबांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं. “सोप्यावर बघा.”

मी बघितलं. दाराबाहेरच्या सोप्यावर शेंगदाण्याएवढा माणूस बसला होता. पिवळा शर्ट, पायलटचा. अंग घराच्या हद्दीत, आणि मान अशी लांब बाहेर काढलेली, थेट रुळांवर, कान बाबांच्या खिडकीकडे.

“ही मान आदळते गाडीला,” ते म्हणाले. “मी मुद्दाम नाही हो केली. माझ्या खिडकीतून गावाचे जेवढे फोटो काढले, त्या प्रत्येकात तुम्ही असेच आहात.”

भिंग माझ्या हातातून सुमतीकडे, सुमतीकडून मावशीकडे, मावशीकडून सगळ्या वाडीच्या हातांतून फिरलं. ज्याच्या डोळ्याला लागेल तो आधी मेजावर बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग तोंडावर हात.

“दोनच उपाय आहेत,” विनायकबाब म्हणाले. “एक तर घर पाव इंच मागे घ्यायचं. नाहीतर मान कापायची.”

“पाव इंचच मां?” मी पटकन म्हटलं. “घेवा मागे. माझी कायएक हरकत नाय.”

सुमती पुढे झाली. पदर कमरेला खोचला.

“कसा घेतलात मागे? सकाळी देवासमोर सगळ्यांनी कितें म्हटला? घर एक तसूय हलवूचा नाय,” ती म्हणाली. “मान कापा.”

जानकीमावशीने हात वर केला. मग एकेक करून सगळ्यांनी. पंच बाबलाने तिथल्या तिथे ठराव एकमताने पास केला. विरोधात एक मत होतं, पण ते कोणी मोजलं नाही.